एका चुलीवरचा नमुना

“कांबळे, हा रिपोर्ट तुमचाच ना?”

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे धरला. अक्षर माझेच होते. मल तपकिरी, बांधलेला, जंतांची अंडी नाहीत, रक्त नाही. वर नाव हौसाबाईंचे. त्या समोरच्या बाकावर सासूच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. नखे कागदासारखी पांढरी. चार पावले चालल्या तरी धाप लागत होती.

ही साठच्या दशकातील गोष्ट. सांगलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. हौसाबाई कुंडलजवळच्या. वय तिशीचे, मालक पलटणीत, घरी ऊस. तीन आठवड्यांपूर्वी त्या प्रथम आल्या, तेव्हा हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातील लाल द्रव्य, सात ग्रॅम भरले होते. ते बारा तरी असावे. अनवाणी राबणाऱ्यांच्या पायांतून हुकवर्म नावाचा जंत शिरतो आणि आतड्यात राहून रक्त पितो. डॉक्टरांना तीच शंका आली, म्हणून त्यांनी मलाची तपासणी सांगितली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई नमुना घेऊन आल्या. त्या काळी नमुने काडेपेटीतूनच येत. मी पेटीवर हौसाबाईंचे नाव घातले, तपासणी केली, रिपोर्ट दिला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

आज हिमोग्लोबिन चार होते.

“रक्त कुठेतरी जातंय,” डॉक्टर म्हणाले. “पाळी ठीक आहे, जखम नाही. राहिलं पोट. आणि तुम्ही म्हणता, पोटात काही नाही.”

मी हौसाबाईंना विचारले, “शौचाचा रंग कसा असतो?”

त्यांनी पदर तोंडाशी धरला. उत्तर सासूबाईंनी दिले.

“आवं साहेब, पाटं अंधारात वगळीला, वढ्याकडं जातोय आमी बाया. रंग कुनाला दिसतोय?”

“पण काडेपेटीत भरताना दिसला असेल.”

हौसाबाईंनी सासूकडे पाहिले. मग सासूबाई म्हणाल्या, “त्यो माझा व्हता.”

“तुमचा?”

“सासऱ्याम्होरनं पेटी घिऊन कशी जाईल ती? लय लाजाळू हाय. म्हनलं, मी देते. एका चुलीवरचं खातोय आमी. पोट काय येगळं असतंय व्हय?”

डॉक्टर माझ्याकडे पाहत म्हणाले, “कांबळे, कुणाचा नमुना, हे विचारलं होतंत?”

विचारले नव्हते.

तासाभराने आयाबाईंनी हौसाबाईंचा स्वतःचा नमुना आणून दिला. डांबरासारखा काळा, चिकट, चकचकीत, वास उग्र. रक्त गुदद्वाराजवळचे असेल तर ते सहसा लाल दिसते. जठरातले रक्त आतड्यातून खाली येता येता पचते आणि काळे पडते. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो. पण त्याला असा चिकटपणा आणि असा वास नसतो. खात्रीसाठी मी बेंझिडिनची चाचणी केली. रक्त असेल तर मिश्रण निळे होते. ते पाहता पाहता गडद निळे झाले.

दुपारच्या आत डॉक्टरांनी जीपमधून त्यांना सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात धाडले. निदान झाले: जठरातला जुना व्रण, म्हणजे अल्सर, आणि त्यातून सतत रक्तस्राव. ऑपरेशन सोसेल इतके रक्त अंगात उरले नव्हते. बाहेरून दिलेले पुरले नाही. चौथ्या दिवशी हौसाबाई गेल्या.

“सात ग्रॅम होतं तेव्हाच पाठवलं असतं तर?” मी डॉक्टरांना विचारले.

“तर ऑपरेशन करता आलं असतं,” ते म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

पंधरा दिवसांनी सासूबाई दवाखान्यात आल्या. कनवटीला माझा रिपोर्ट होता, घड्या पडून मऊ झालेला. त्यांनी तो टेबलावर पसरला.

“पोट चांगलं हाय, असं लिवलंय न्हवं ह्यात?”

“हो.”

“मग तिचं नाव खोडा. माझं घाला. पोट माझं व्हतं.”

मी हौसाबाईंचे नाव खोडले. सासूबाईंचे विचारून घेतले आणि लिहिले. त्यांनी कागद घडी घालून पुन्हा कनवटीला लावला. रडल्या नाहीत.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नमुन्यामागे तीन प्रश्न विचारत आलो. कुणाचा? कधीचा? उजेडात पाहिला का? बायका लाजत, पुरुष चिडत. उत्तर मिळेपर्यंत मी पेटी उघडत नसे.