हळद दळायला संग्रहालयात

मोठ्या जाऊबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. साड्या घेऊन झाल्या, हॉल ठरला, जेवणवाला ठरला, आणि मग जाऊबाईंच्या ध्यानात आलं की घरात जातं नाही.

आमच्या घरात लग्नाआधी पाच सवाष्णी जात्याला आंब्याची पानं आणि सुपारी बांधतात आणि नवरीची हळद दळतात. घरातल्या सगळ्या मुलींची हळद एकाच जात्यावर दळलेली. ते जातं मोठ्या दिरांनी नव्या फरश्या बसवताना चौक गावाजवळच्या संग्रहालयाला देऊन टाकलं होतं. वर त्याच्या शेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला होता.

"बाजारात तयार हळद मिळते, ताई," मी म्हटलं.

"माझ्या लेकीला पुडीतली हळद लावू?"

"मग शेजारचं जातं आणू."

"सगळ्या नणंदांची हळद त्याच जात्यावर झाली. माझीच पोर काय रस्त्यावर पडलीय?"

पुढचे दोन दिवस त्या दिरांना जेवायला वाढत होत्या, पण बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मी भिसेगावातून स्कूटर काढली, त्यांना भिवपुरीच्या घरून मागे बसवलं आणि चौकचा रस्ता धरला.

संग्रहालय छोटंसंच. बाहेरच्या दालनात आपल्याच भागातल्या चित्रकारांची चित्रं, आतल्या दालनात जुने नांगर, समया, तलवारी, दोन वीरगळ. मी चित्रांपाशी रेंगाळले, जाऊबाई तरातरा आत. मी पोहोचले तेव्हा त्या दोरीच्या पलीकडे जात्याशेजारी बसल्या होत्या. समोर पाटी, 'धान्य दळण्याचे पारंपरिक साधन'.

"याचा खुंटा कुठं हाय गं?"

"तुमच्या न्हाणीत. भाऊजींनी भिंतीत ठोकलाय ना, टॉवेल टांगायला."

"अगं बाय! ह्या माणसाला काय म्हणावं!"

तेवढ्यात तिथली व्यवस्था बघणारी मुलगी आली. जीन्स घातलेली, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"काकू, दोरीच्या बाहेर या ना, प्लीज."

"आमचंच हाय ते."

मी मध्ये पडले आणि सगळं सांगितलं. लग्नापुरतं द्या, टेंपोनं नेऊ, टेंपोनं परत आणू. तिनं नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. इथे आलेली वस्तू बाहेर देता येत नाही. शिवाय खालचा दगड ओट्यात सिमेंटनं पक्का केलाय, काढायला गेलं तर फुटेल.

जाऊबाई भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पदराच्या टोकानं जात्यावरची धूळ पुसली आणि उठायला लागल्या.

मी वाकून वरचा दगड ढकलून बघितला. फिरला.

"जातं बाहेर येत नाही ना? मग बायका आत येतील."

मुलगी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. बाहेर जाऊन तिनं वरिष्ठांना फोन लावला. बराच वेळ चालला तो. परत आली ती अटी घेऊनच. तेल नको, पाणी नको, कुंकू नको, दिवा तर अजिबात नको.

"हळद चालंल ना?" जाऊबाईंनी विचारलं.

"हळद चालेल."

"मग काय पायजे आणखी!"

ठरल्या दिवशी टेंपोतून पाच सवाष्णी निघाल्या. सोबत नवरी, आणि काही कारण नसताना आणखी चौघी. हळकुंडं घरीच कुटून घेतली होती. खुंटा न्हाणीतून उपटला होता. "मग माझा टॉवेल कुठं ठेवू?" या प्रश्नाला दिरांना कोणी उत्तर दिलं नाही.

मुलीनं स्वतः दोरी सोडली. आम्ही प्लास्टिक अंथरलं, पानं बांधली, खुंटा ठोकला. पहिला फेरा जाऊबाईंचा. जातं घरघरलं तसा समयांच्या कपाटाच्या काचेनंही सूर धरला. जाऊबाईंनी ओवी उचलली, दुसऱ्या ओळीला अडकल्या, तर कोणीतरी नवऱ्या मुलाच्या सुटलेल्या पोटावर ओळ रचून ती पुरी केली. नवरी ओरडली, "काकी, बास हां!" पिवळी धूळ उडाली. किल्लीवाली मुलगी एकामागून एक शिंकत होती आणि तरी तिथून हलत नव्हती.

आवाज ऐकून पुण्याहून आलेलं एक कुटुंब आत आलं. त्यांनी मोबाईल काढले. आम्ही थांबलो तेव्हा त्यातल्या गृहस्थांनी अगदी अदबीनं विचारलं, "पुढचा कार्यक्रम कधी आहे?"

"धाकटीचं जमलं की!" जाऊबाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्या इतक्या हसलो की वाटीतली हळद सांडायची वेळ आली.

हळद फडक्यात बांधून झाली. मी झाडू मागून घेतला आणि ओटा साफ केला. बाकीच्या टेंपोत जाऊन बसल्या. जाऊबाई कुठे दिसेनात. बघते तर बाहेरच्या दालनात, पुरचुंडी काखेत धरून, भिंतीवरच्या एका मोठ्या चित्रासमोर. चित्रात बायका वाकून भात लावत होत्या.

"बघ गं, चिखलात उभ्या हायत आन् लुगड्याला एक डाग नाय!"

"चित्र आहे ते, ताई."

"ते कळतंय मला." त्यांनी मान तिरकी केली. "पर ही कडेची हाय ना, हिची कंबर दुखतेय. ते बरोबर काढलंय."

बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"वाजवू दे त्याला," जाऊबाई म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे वळल्या.