बापटचे दोन डिग्री

"मॅडम, दोन डिग्री! उपग्रह सरळसरळ दोन डिग्री जास्त दाखवतोय!"

बापट लाइफ जॅकेट अंगात ठेवूनच लॅबमध्ये शिरला. तलावावरून थेट आला होता. चेहरा असा, की उपग्रह जणू त्यानेच वर सोडलाय.

आधीच सांगते, मी बापटवर जळते. तो पुण्याहून भोपाळला बदलून आला आणि लगेच त्याला इथल्या शिवाजी नगरात, ऑफिसच्या जवळ, क्वार्टर मिळालं. मी नागपूरहून येऊन वर्षं लोटली, अजून लांबच्या मिसरोदहून बस धरते. नवा हवामान उपग्रह वर गेला, बोटीतून मोजणीचं काम निघालं, तेही त्यालाच. पेपरात त्याचा बोटीतला फोटो. माझ्या वाट्याला स्क्रीन आणि एसीची घरघर.

उपग्रहावरचं इन्फ्रारेड यंत्र खालून निघणारी उष्णता बघून तापमान सांगतं. ते स्वतः बरोबर आहे ना, हे पाहायला त्याच्यात एक काळी तबकडी असते. तिचं तापमान आपल्याला ठाऊक असतं. पण लाँचचे हादरे बसले की यंत्राचा काही भरवसा नसतो. म्हणून आम्ही इथे पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान मोजतो आणि वरच्या आकड्याशी ताडून बघतो. हेच व्हॅलिडेशन. फरक कायमचा निघाला तर तेवढं करेक्शन सगळीकडे लागतं. बापटचे दोन डिग्री मान्य झाले असते, तर देशभरातले ढग, जमीन, समुद्र, सगळंच कागदावर दोन डिग्री गार झालं असतं.

आमचे प्रमुख सक्सेना सर खूश. "बढ़िया! कल ही हेडक्वार्टर भेज दो. बापट, प्रेझेंटेशन तुम दोगे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा आकडा चुकावा असं मनापासून वाटलं, आणि त्याच इच्छेने मी त्याचा डेटा उघडून बसले. ज्याचं काम डोळ्यांत खुपतं, त्याचं किती बारकाईने वाचलं जातं! सगळी रीडिंग्ज दुपारची होती.

"बापट, पहाटेचं एकही नाही?"

"बोटवाला इतक्या लवकर येत नाही, मॅडम. आणि यंत्र गरम दाखवत असेल तर केव्हाही गरमच दाखवेल ना?"

"मग पहाटेचं घ्यायला काय हरकत आहे?"

मी सरांकडे गेले. "सर, एक दिन रुकिए. सुबह की रीडिंग के बिना भेजा तो हँसी होगी."

सरांच्या कपाळावर आठ्या. "सिर्फ एक दिन, पाठक मैडम."

बोटवाल्याला विनवून दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघं बोटीत, तोंडं दोन दिशांना. रीडिंग घेतलं, ऑफिसात येऊन त्याच वेळचा उपग्रहाचा आकडा काढला. आता उपग्रह तलाव गार दाखवत होता.

बापट मटकन खुर्चीत बसला. "दुपारी गरम, पहाटे गार? यंत्राला झालंय काय?"

"यंत्राला काही नाही. हा किनारा आहे."

जमीन दुपारी पाण्यापेक्षा जास्त तापते आणि पहाटे जास्त गार होते. चित्रातला जो चौकोन आम्ही तलाव समजत होतो, त्यात जमीन शिरली होती. नव्या उपग्रहाची चित्रं नकाशावर अजून नीट बसली नव्हती, थोडी सरकलेली होती. समुद्रावर असतो तर फरकही पडला नसता. पण 'तालों में ताल भोपाल ताल, बाकी सब तलैया' हे इथे उठता-बसता ऐकू येतं. आपला तलाव कशाला तरी लहान पडेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चित्रातला एक चौकोन चार किलोमीटरचा. त्याच्यापुढे आपला तालही तलैयाच, नुसतं डबकं.

चित्रं नीट बसवल्यावर फरक जवळजवळ उरला नाही. करेक्शन हेडक्वार्टरला गेलंच नाही.

मला वाटलं, आता बापटचं तोंड उतरेल. तो हसत आला. "मॅडम, वाचवलंत!" प्रेझेंटेशन शेवटी त्यानेच दिलं. सरकलेल्या चित्राची गोष्ट इतकी झकास सांगितली की टाळ्या त्यालाच मिळाल्या. माझं नावही घेतलं, अगदी मोठ्या मनाने. मी आणखीच जळले.

बाहेर पडताना सर म्हणाले, "आगे से बापट का हर नंबर पाठक मैडम देखेंगी. आप दोनों की बनती नहीं, यही ठीक है."

तेव्हापासून तेच माझं काम आहे. यंत्राची खोट काढायला दुसरं यंत्र लागतं, बापटची काढायला मी पुरते. परवा सर म्हणाले, शिवाजी नगरात एक क्वार्टर रिकामं होतंय, तुमचं नाव पुढे करतो. घ्यायचं की नाही, विचारात पडले आहे. त्याच्या शेजारी राहायला गेले आणि जळणंच थांबलं, तर त्याचे आकडे इतके बारकाईने कोण वाचणार?