मुरारची भरती

उत्तरेतलं आमचं संस्थान विलीन झालं आणि माझ्या वडिलांची, आबांची, पलटण मोडली. काही शिपाई नव्या फौजेत घेतले, बाकीच्यांना घरी पाठवलं. आबा बाकीच्यांत होते. पणजोबांपासून आमच्या घरात शिपाईगिरीखेरीज दुसरं काही कुणी केलं नव्हतं.

पुढे जवळच्या मुरार छावणीत फौजेची भरती निघाली. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. आबा म्हणाले, "चल. घरातलं एक माणूस तरी वर्दीत असू दे." शहरातल्या लश्कर भागात आमचं घर होतं, तिथून आम्ही एकाच सायकलवर गेलो.

मैदानात आम्हाला पळवलं, छाती मोजली. मी पहिल्या काहींत आलो. डॉक्टरनं कान, दात, तळवे बघून पुढे ढकललं. वाटलं, झालं काम. मग टेबलामागच्या सुभेदारानं जात विचारली.

"मराठा."

त्यानं मान वर केली. "मराठों की भरती दक्खन में होती है. यहाँ के कोटे में तुम नहीं आते. अपने मुलुक जाओ."

"मुलुक यही है, साहब."

"अरे, दक्खन में गाँव कौन-सा है?"

मला माहीत नव्हतं. दोरीपलीकडे आबा उभे होते, त्यांना विचारलं. "साताऱ्याकडचं कुठलंसं. आजोबा सांगायचे रे... नाव नाही आठवत."

मग ते स्वतः दोरीखालून आत आले आणि त्यांनी त्या पोरसवदा सुभेदारापुढे टाचा जुळवून सलाम ठोकला. तो गडबडून उठला. "बाबूजी, आप बैठिए. मैं क्या करूँ, ऊपर का हुकुम है." त्यानं खुर्ची पुढे केली. आबा बसले नाहीत. तो उर्मटपणे बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

परतताना कुणीच सायकलवर बसलं नाही. घरी आईनं विचारलं तर आबा एवढंच म्हणाले, "मराठा म्हणून त्यांना दक्षिणी हवेत."

"मग आपण कोण?" आई म्हणाली. इथे सगळे आम्हाला दक्षिणीच म्हणत.

महिन्याभरात मी नई सडकवरच्या एका दुकानात कापड मोजायला लागलो. आबा मात्र त्या उन्हाळ्यात लश्करमधल्या म्हाताऱ्यांकडे फिरत राहिले, आपलं गाव कोणतं ते विचारत. एकानं एक नाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरंच. संध्याकाळी दुकानाच्या पायरीशी येऊन ते मला नवं नाव सांगत. मी कापड घडी करता करता "बरं" म्हणे.