साडीगार्डची पायरी

निघायच्या आधीच शालिनीनं अट घातली. आष्टीला जाऊन येईपर्यंत गाडी एकदाही घासली नाही, तर पुढच्या महिन्यात ती माझ्यामागं बसून कोकणात येणार. घासली, तर कोकण रद्द आणि आष्टीहून परत येणंही एसटीनं. "मग रुसून बसायचं नाही, आधीच सांगते," असंही वर म्हणाली.

शालिनी माझी बायको. तिनं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. कोकणचा किनारा ती डोळे मिटून फळ्यावर काढते, एकेका खाडीसकट, पण त्या किनाऱ्यानं ती कधी गेलेली नाही. सुट्टी लागली की घरी पाहुणे, नाहीतर माझी ड्युटी. म्हणून वीज कंपनीतून निवृत्त झाल्यावर, पोरं नको नको म्हणत असताना, मी क्रूझर मोटारसायकल घेतली. त्या एका रस्त्यासाठीच घेतली म्हणा ना.

आता ही घासण्याची भानगड सांगतो. क्रूझर म्हणजे बसकी गाडी. सीट खाली, हँडल रुंद, पाय पुढं पसरून आरामात बसायचं. एकटा असलो की काही त्रास नाही. पण मागं माणूस बसलं की गाडी दबते, आणि दबलेली गाडी वळणावर कलली की तिच्या अंगाचं काहीतरी डांबराला टेकतं. खर्रर्र! शालिनी माझा खांदा धरते आणि विचारते, "माझं वजन वाढलंय का हो?" मी आपला गमतीत म्हणायचो, थोडंसं. एकदा म्हणाली, भांडी घासायला मी आणि रस्ता घासायला तुम्ही, बरं जमलंय आपलं. मी हसलो होतो.

कोकणात सरळ रस्ता औषधाला नाही. तेव्हा अट ऐकल्यावर मी कंबर कसली. मागचे शॉकअप शेवटच्या खाचेपर्यंत कडक करून घेतले, मागच्या चाकात हवा वाढवली, सामान निम्म्यावर आणलं. वळणावर शालिनी घाबरून उलट बाजूला कलायची, तेही मोडायला हवं होतं. म्हणून हॉलमध्ये एकामागं एक दोन खुर्च्या मांडून आम्ही वळणांचा सराव केला. मी डावीकडं, ती डावीकडं. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

आष्टीहून थोरल्या वहिनींनी हुरड्याला बोलावलं होतं. जानेवारीची गार सकाळ होती. संभाजीनगरहून जालन्यापर्यंतचा रस्ता सरळसोट, तिथं काय घासणार! शालिनी सलवार-कमीज घालून, पायात माझ्या आग्रहाचे बूट चढवून, दोन्हीकडं पाय टाकून ऐटीत बसली होती. बूट तिला आवडत नाहीत, जोडवी रुततात म्हणते. बदनापूर गेलं, जालना गेलं, अंबडचा रस्ता लागला. दोन्हीकडं मोसंबीच्या बागा आणि वेचून रिकामी झालेली कपाशीची रानं. तुरीच्या पेंढ्या बांधावर उभ्या करून ठेवल्या होत्या.

अंबडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. डावीकडं कच्च्या रस्त्यानं वळवलं होतं, आणि तिथून पुन्हा डांबरावर चढताना डाव्या बाजूला बारीकसा आवाज झाला. खर्र. मी लगेच म्हणालो, खडा होता. ती म्हणाली, "खडा म्हणता, तर खडा." तिनं मला एक संधी दिली होती, हे मला कळलं. पुढच्या वळणाला खडा चालणार नव्हता.

अंबडला शिरताच तिला म्हणालो, तू समोरच्या हॉटेलात काहीतरी खाऊन घे, मी जरा हवा बघून येतो. ती सुशीला (मुरमुरे भिजवून केलेला उपम्यासारखा पदार्थ) मागवून बसली. मी गाडी ढकलत शेजारच्या गॅरेजात नेली. रशीदभाई नावाचे मिस्त्री होते, बोलके आणि घाईचे. मी सगळी रामकहाणी सांगितली. ते गाडीजवळ उकिडवे बसले आणि डाव्या बाजूच्या साडीगार्डखालची पायरी त्यांनी बोटानं दाखवली. साडीगार्ड म्हणजे मागच्या चाकात पदर जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, आणि तिच्याखाली एका बाजूला बसणाऱ्या बाईला पाय ठेवायला पत्र्याची पायरी असते, ती. तिची कड घासून चकचकीत झालेली होती.

"शॉकअप बराबर हायेत तुमचे," रशीदभाई म्हणाले. "ही पायरीच सगळ्यात खाली येऊन राह्यली. काढली की बिलकुल घासणार न्हाई. भाभी कशा बसतेत?"

"दोन्हीकडं पाय टाकून."

"मंग कशाला ठेवायची ही?"

मलाही तेच वाटलं. दोन नट, काम संपलं. पायरी फडक्यात गुंडाळून मी हत्यारांच्या पिशवीत तळाशी घातली. शालिनी समोरच बसलेली होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण मला ऐट करायची होती ना! कोकणात पोचल्यावर सांगू, बघ कशी जादू केली ते. सुशीला थंड व्हायच्या आत मी हात पुसत हॉटेलात हजर झालो आणि हवा कमी होती म्हणून सांगितलं. तिनं माझ्यासाठी अर्धी बशी ठेवली होती.

घनसावंगीच्या रस्त्याला वळणं बरीच. पहिल्या वळणाला मी श्वास धरला. काही नाही. दुसऱ्याला गाडी जरा जास्त कलवून बघितली. काही नाही! शालिनीलाही ते जाणवलं. एरवी माझा खांदा आवळणारा तिचा हात सैल पडला. मग माझ्या पाठीवर बोट फिरायला लागलं. आधी वाटलं, काहीतरी झटकतेय. मग ध्यानात आलं, ती किनारा काढत होती. खांद्यापाशी डहाणू, खाली येत येत वसईची खाडी, मग धरमतर, मग राजपुरी, एकेका खाडीला बोट आत घालून बाहेर. नावं मोठ्यानं सांगत होती, वाऱ्यात निम्मी उडून जात होती. कमरेपाशी रत्नागिरी आली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला एवढं खुशीत क्वचितच बघितलं असेल, आणि आता तर ती मागं होती, बघताही येत नव्हतं.

आमचं गाव आष्टी. गावाच्या अलीकडे कालवा लागतो, कालव्याच्या आधी एक जुनं कडुलिंबाचं झाड आहे, आणि तिथं आमची शीव (गावाची हद्द) लागते. शालिनीनं पाठीवर थाप मारली. "थांबा. शीव आली."

आमच्या घराण्यात सून गावात दोन्हीकडं पाय टाकून शिरत नाही. कुणी सांगितलेलं नाही, कुणी रागावणारही नाही, दादा, माझे थोरले भाऊ, तर मुळीच नाहीत. पण थोरल्या दिरासमोर तसं जायचं नाही, हे शालिनीनं लग्नापासून पाळलंय. तेव्हा सायकल होती, मग स्कूटर, मग ही. तिनं बूट काढून चपला घातल्या, ओढणी डोक्यावरून घेतली, आणि दोन्ही पाय डावीकडं करून एका अंगाला बसली. मी पुढंच बघत होतो. डोक्यात कोकण होतं. बसलीस का म्हणून विचारलं, ती हं म्हणाली, आणि मी निघालो.

कालव्याच्या पुलावर चढताना रस्ता डावीकडं काटकोनात वळतो. आतापर्यंत ज्या भरवशानं वळत आलो होतो, त्याच भरवशानं मी गाडी कलवली. खर्र झालं नाही. एक बारीकसा टक आवाज आला, आणि माझा शर्ट मागून इतका जोरात ओढला गेला की वरचं बटण तुटलं. ती ओरडली नाही. गाडी थांबवून मागं बघितलं तर चप्पल पुलाच्या तोंडाशी पडली होती, आणि शालिनी ओठ आवळून स्वतःच्या पायाकडं बघत होती. अंगठ्याशेजारच्या बोटातून रक्त येत होतं.

आष्टीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हाड वाचलंय, म्हणाल्या, पण जोडवं वाकून मांसात रुतलंय आणि बोट सुजत चाललंय, कापल्याशिवाय निघणार नाही. कापायला काही आहे का, म्हणून त्यांनीच विचारलं. माझ्याकडं पक्कड होती. धावत जाऊन हत्यारांची पिशवी आणली, तिथंच फरशीवर उपडी केली. फडकं सुटलं आणि पायरी खण्णकन पडली.

शालिनीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही इथं आहे होय," ती म्हणाली. "मी पायानं शोधत होते."

जोडवं डॉक्टरीणबाईंनीच कापलं. मला जमलं नसतं. लग्नात माझ्या हातानं घातलेलं ते, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

घरी पोचलो तर दादा ओसरीवरून उठून आले. कसं काय झालं म्हणून विचारायला लागले. मी तोंड उघडणार तोच शालिनी म्हणाली, माझाच पाय खाली आल्ता दादा, नीट बसले नव्हते. आणि मी ते तसंच राहू दिलं. वहिनींनी पट्टीवरूनच तिच्या बोटाला हळदीचा दोरा बांधला, बोट रिकामं नको म्हणून. दादा म्हणाले, वय झालं आता, एसटीनं यावं. मी बशीतला चहा फुंकत बसलो. आजही तो चहा आठवला की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रानात हुरडा होता. आगटी (शेकोटीचा खड्डा) पेटवलेली, ज्वारीची कोवळी कणसं राखेत भाजून हातावर चोळायची, वरून लसणाची चटणी आणि गूळ. दरवर्षी मी पोट फुटेस्तोवर खातो. यंदा घास फिरत होता तोंडात. शालिनीला तिथल्या कडुलिंबाखाली बाजेवर, पाय उशीवर ठेवून बसवलं होतं. बाकीची मंडळी कणसं मोडायला गेली तेव्हा मी तिच्यापाशी गेलो. म्हणालो, चुकलं माझं, तुला विचारायला पाहिजे होतं. ती म्हणाली, विचारलं असतं तरी मी काढाच म्हणाले असते, शिवेचं माझ्याही ध्यानात आलं नसतं.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला कोकण सुटेना. मी हसत हसत म्हणालो, "तसं बघितलं तर गाडी घासलीच नाही."

तीही हसली. हातातला हुरडा फुंकत म्हणाली, "नाही ना. मी घासले."

परतायच्या दिवशी दादांनी तिला एसटीत बसवून दिलं, खिडकीजवळची जागा धरून. मी अंगणात बसून पायरी परत लावली. नट कसले, हलवून बघितली, पुन्हा कसले. वहिनी म्हणाल्या, आता कशाला, एकटेच तर चाललात. मी पाना पिशवीत टाकून गाडी बाहेर काढली.

कालव्याच्या पुलावर आलो. गाडी कलवली. पायरी खाली होती, शॉकअप तेच, हवा तीच, पण काही घासलं नाही. पुढं जाऊन परत फिरलो, तेच वळण पुन्हा घेतलं, जास्त कलवून. काही नाही. पुन्हा घेतलं. एकदा तरी घासावी, एवढंच वाटत होतं. कालव्याच्या कडेला शेळ्या चारणारे एक म्हातारे माझ्या फेऱ्या बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, काही पडलंय का साहेब, शोधून राह्यलात? न्हाई म्हणालो आणि निघालो. अंबडला रशीदभाईंचं गॅरेज दिसलं, थांबलो नाही. भाभी कशा बसतेत, या त्यांच्या प्रश्नाला मी खरं तेच उत्तर दिलं होतं. फक्त ते शिवेपर्यंतचं खरं होतं.

घरी आलो तर शालिनी माझ्याआधी पोचलेली होती. पाय स्टुलावर ठेवून भाजी निवडत होती. हॉलमध्ये सरावाच्या दोन खुर्च्या अजून एकामागं एक होत्या, त्यातल्या मागच्या खुर्चीवर ती बसली होती. मी पुढच्या खुर्चीवर बसलो, तिच्याकडं पाठ करून. वाटलं, बोट फिरेल.

"घासली का कुठं?" तिनं विचारलं.

हो म्हणायला पाहिजे होतं. अंबडजवळ खडा होता म्हणालो होतो, तसं एक खोटं अजून. पण जिथं बोलायचं तिथं गप्प बसायचं आणि नको तिथं खरं बोलायचं, ही माझी खोडच.

"नाही," मी म्हणालो. "पायरी लावली होती, तरी नाही."

"बघा," ती म्हणाली. मागं शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. "म्हणजे गाडीत काही खोट नाही. कोकण तुम्ही बघून या. मी फळ्यावर पुष्कळ बघितलंय."