दीड वीत मुंबई

जालन्याच्या टपालातले मुन्शीजी आठवले की अजून डोकं फिरतं माझं! भिंतीवरच्या नकाशावर ते येईल त्याला वितीनं अंतर मोजून दाखवायचे. "हैदराबाद ते मुंबई दीड वीत. इमानानं बराबर तीन तास! हाय का न्हाई?" स्वतः कधी इमानात बसले न्हाईत, पण हात असा हवेत न्यायचे, जसे काही तेच उडून राह्यले. मी पण कौतुकानं बघायचो, खोटं कशाला बोलू.

आमच्या मंठा गावच्या टपालाची थैली मात्र भरल्याशिवाय धाडायची न्हाई, ही त्यांची रीत. मुंबईहून आक्काचं पत्र आल्तं, "लई आजारी हाय, जल्दी ये." ते त्या थैलीत आठ दिवस पडून राह्यलं. मी मुंबईला पोचलो तवा आक्का गेल्ती.

परत येऊन मी टपालात ओरडलोच, "मुन्शीजी, जालना ते मंठा मोजा!"

त्यांनी नकाशावर करंगळीचं नख टेकवलं. "एवढंच की रे."

"मंग आठ दिवस कसे लागले?"

नख तिथंच राह्यलं.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. थैली अर्धीच भरलेली होती, अन् मुन्शीजी कुणाला तरी वीत लावून सांगून राह्यले होते, "बराबर तीन तास!"