बर्थखालचं बिनरंगी पाणी

देवाला मी हात जोडतो, पण त्यापलीकडचं काही मानत नाही, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. जबलपूरच्या एका फॅक्टरीत मी तपासणी विभागात आहे. मालात खोट दिसली की तिला कारण असतंच, या एका समजुतीवर माझी सगळी नोकरी झाली. कुणी पिंपळाखालच्या बाईची गोष्ट काढली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. यात घाबरण्यासारखं काही नाही. दार वाजलं नाही, कुणी दिसलं नाही. फक्त पाणी होतं...

आम्ही महाराजपूरला राहतो. माझी बायको अर्चना, तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नेपियर टाउनमधल्या एका सेंटरवर डायलिसिस. ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय त्यांना माहीत असेल – सुयांपेक्षा तहान वाईट. शरीरातलं पाणी बाहेर पडत नाही, म्हणून आत जायचं तेही मोजून. आमच्याकडे एक लहान तांब्या होता. रोज सकाळी तो मी भरून ठेवायचो. चहा, औषधं, घसा ओला करणं, सगळं त्यातच. तो संपला की त्या दिवसाचं पाणी संपलं. बाहेर मे महिन्याची लू, अंग भाजणारा वारा, आणि ही बर्फाचा एक खडा तोंडात धरून कूलरसमोर बसलेली.

तिला अमरकंटकला जायचं होतं. नर्मदेची परिक्रमा या जन्मी होत नाही हे तिने मान्य केलं होतं. "पण इतकी वर्षं ग्वारीघाटावर हिला पाहून राहिलो आपण, ही निघते कुठून ते तरी बघू ना," म्हणायची. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत जाऊन यायला डॉक्टरांनी परवानगी दिली. अडचण एवढीच की तिला फार वेळ बसवत नव्हतं, आणि वाटेतल्या ढाब्यांवरचे संडास तिला जमण्यासारखे नव्हते. म्हणून मी एक जुनी कॅरव्हॅन घेतली. जीपच्या मागे जोडून ओढायची, दोन चाकांची. आत झोपायला बर्थ, छोटं सिंक, संडास, सीटखाली पाण्याची टाकी आणि बॅटरीवर चालणारा पंप. अंगणात कडुनिंबाखाली उभी केली.

शेजारचे तिवारीजी माझ्याच फॅक्टरीतले. त्यांनी कॅरव्हॅनला एक पूर्ण चक्कर मारली आणि म्हणाले, "भाईसाहब, ये तो पटरी से उतरा हुआ डिब्बा है. इसका गार्ड कौन, आप कि भाभीजी?"

"गार्ड मैं," अर्चना ओट्यावरून म्हणाली. "ये तो ड्राइवर हैं. खाली हॉर्न बजाते हैं."

त्या दिवशी ती बऱ्याच महिन्यांनी मोकळी हसली होती.

टाकी भरली आणि गळती सुरू झाली. अशा गाडीत सगळे पाइप प्लायच्या मागे असतात. पाणी सुटतं एकीकडे आणि उताराने वाहत दिसतं भलतीकडे. नळ बंद असतानाही पंप मधूनच टुक् करून चालू व्हायचा, म्हणजे लाइनमधला दाब कुठेतरी कमी होत होता. मी आणि तिवारीजींनी सिंकमागची फळी काढली. तिथे पाइपच्या एल्बोला, वळणाच्या जोडाला, चीर गेली होती. ती बदलली. पंपाजवळचा क्लॅम्प सैल होता, तो नवा टाकला. संडासाच्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळली. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडे नाहीत. पंप गप्प झाला. आता लाइन घट्ट होती.

तरीही अर्चनाच्या बर्थखाली पाणी यायचं.

बर्थखाली सामान ठेवायचा एक खण होता. त्याची फळी उचलली की तळाशी पाणी. ओल नव्हे... पाणीच, हातभर लांब पसरलेलं. वाळत घातलेले कपडे दोरीवरून हात काढेपर्यंत वाळावेत असे ते दिवस. आकाशात ढगाचा ठिपका नाही. तिवारीजींनी स्वतःच्या खांद्यावरच्या गमछ्याने ते टिपलं आणि माझ्याकडे बघितलं. "ठंडा है, भाईसाहब."

ठंडा होतं खरं. टाकीतलं पाणी त्या दिवसांत चहासारखं तापलेलं असायचं.

निघायचा दिवस ठरला होता, तो मी पुढे ढकलला. मग पुन्हा ढकलला.

"अहो, राहू द्या ना थोडं ओलं," अर्चना म्हणाली. "खाली एक थाळी ठेवू. गळत गळत जाऊ. मी काय, तुमची गाडी काय, एकाच वयाच्या."

"गळका माल मी पास करत नाही," मी म्हणालो. हे मी गमतीने म्हणालो नव्हतो.

आमच्या फॅक्टरीत गळती सापडेना की शेवटचा उपाय म्हणून रंग टाकून बघतात. मी किराणा दुकानातून जिलेबीचा केशरी रंग आणला आणि टाकीत ओतला. नळातून केशरी पाणी, संडासात केशरी पाणी, सगळ्या लाइनमध्ये केशरी. दुसऱ्या दिवशी बर्थखालची फळी उचलली. पाणी होतं. पांढऱ्या फडक्याने टिपलं. फडकं पांढरंच राहिलं.

इथे कुणीही थांबून विचार केला असता की हे काय आहे. मी तपासणीवाला. मी सरळ हिशेब मांडला – पाणी टाकीतलं नाही, पाऊस नाही, पाणी थंड आहे. म्हणजे फ्रिजमधलं. म्हणजे ते कुणीतरी हातात घेऊन इथे येतं. आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्या गाडीत एकच माणूस जाऊन बसायचं. अर्चना. खिडक्यांना पडदे शिवायची, डबे लावायची, कधी नुसतीच त्या बर्थवर पडून राहायची.

त्या संध्याकाळी मी आत गेलो तेव्हा ती पडद्याला दोरी ओवत होती.

"काहून असे बघून राहिले?" तिने विचारलं.

"खरं सांग अर्चना. इथे येऊन पाणी पिऊन राहिली ना तू?"

आधी ती हसली. "चोरून? आता या वयात?"

"मी रंग टाकून बघितलं. टाकीचं पाणी नाही ते. फ्रिजचं आहे. पितेस, सांडतं, घाबरून पुसत नाहीस. मला फक्त खरं सांग, मी रागावत नाही."

तिने दोरी खाली ठेवली.

"दर खेपेला सेंटरवर वजन करतात माझं," ती म्हणाली. "पाणी प्यायली असती तर वाढलं नसतं का? जा, विचारून या."

"वजनाचं नंतर बघू."

"हो. नंतरच बघा." ती उठली. तिला उठायला दाराचा आधार लागायचा, मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. "फॅक्टरीत माल बोलत नाही ना तुमच्याशी, तेच बरं पडते तुम्हाला." कॅरव्हॅनची किल्ली तिच्या पदराला बांधलेली होती, ती सोडून तिने माझ्या हातात दिली. "घ्या. लावून टाका कुलूप."

आणि मी लावलं. तिच्या भल्यासाठी लावतोय असं मला खरोखर वाटत होतं.

पुढच्या डायलिसिसला ती आत बेडवर होती आणि मी बाहेर काउंटरपाशी. तिथला टेक्निशियन मुलगा आपणहून म्हणाला, "अंकलजी, आंटी का वजन एकदम कंट्रोल में है. दूसरे पेशंट को मैं इनका ही नाम लेके डाँटता हूँ. इतना परहेज़ कोई नहीं करता."

घरी आल्यावर ती झोपली. मी अंगणात गेलो, कुलूप काढलं. कुलूप लावायच्या आधी टाकी रिकामी केली होती, पंपसुद्धा काढून ठेवला होता. किल्ली माझ्याच खिशात. बर्थखालची फळी उचलली... पाणी होतं. तेवढंच, तसंच थंड.

मी तिथे खाली बसून राहिलो. भीती वाटली का, असं तिवारीजींनी नंतर विचारलं. नाही वाटली. मला फक्त एवढंच दिसत होतं की आता घरात जायचं आणि तिला सांगायचं, अर्चना, तू नव्हतीस. चार पावलांवर ती झोपलेली होती.

मी सांगितलं नाही.

आमच्या विभागाची एक सवय आहे. खोट सापडली पण कारण सापडलं नाही, तर अर्धवट रिपोर्ट वर पाठवायचा नाही. मी स्वतःला म्हणालो, आधी हे पाणी येतं कुठून ते शोधू, मग कारणासकट तिच्यापुढे ठेवू. म्हणजे नीट माफी मागता येईल. नुसतं "तू नव्हतीस" म्हटलं तर ती विचारेल, मग कोण होतं? मला उत्तर हवं होतं. खरं सांगायचं तर मला शरमही वाटत होती, आणि त्या सवयीआड ती लपवता येत होती. मी चाकाकडून तळ ठोकून बघितला, पत्रा उचकटला, बर्थच्या बाजूची सगळी प्लाय मोकळी केली. काही नाही. फळी ठेवली की पुन्हा पाणी.

आणि घरात वेगळंच सुरू झालं होतं. अर्चनाने गाडीचं नाव काढणं सोडलं. पण रोज संध्याकाळी ती तो तांब्या माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवायची. त्यात पाणी उरलेलं असायचं. एवढ्या उन्हाळ्यात, जेवढं प्यायची परवानगी होती तेवढंही ती पीत नव्हती. "बघा," एवढंच म्हणायची आणि आत जायची. ओठ फुटलेले. मी ते पाणी बघायचो. एकदा "पिऊन घे ना," म्हणालो, तर म्हणाली, "नको. तुमचा पुन्हा हिशेब चुकेल."

तेव्हाही मी सांगितलं नाही. वाटलं, अमरकंटकच्या वाटेवर सांगू. गाडी चालवताना सांगणं सोपं जाईल, समोर रस्ता असतो, तोंडाकडे बघावं लागत नाही.

ती सेंटरवरच गेली. मशीन सुरू असताना बीपी उतरलं, आणि मग त्यांच्या हाती काही राहिलं नाही. कमी पाणी प्यायल्याने असं झालं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, हृदय आधीच कमजोर होतं. मी तेच वाक्य तीन-चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणून गप्प बसलो.

तेराव्यानंतर मी, तिवारीजी आणि इंदूरहून आलेली माझी मुलगी नेहा, असे तिघं कॅरव्हॅनमध्ये गेलो. फळी उचलली. कोरडं. धूळ साचलेली. तिवारीजी गुडघ्यावर बसले, तळाच्या प्लायवर बोटं फिरवली, टॉर्च लावून कडा बघितल्या. प्लाय ओली राहिली की फुगते, पापुद्रे सुटतात, काळे डाग पडतात. हे त्यांना माहीत आहे, मलाही. तिथे काहीच नव्हतं. नव्या प्लायसारखी कोरी.

"भाईसाहब," ते हळूच म्हणाले, "यहाँ पानी कभी गिरा ही नहीं है."

"आपने ही तो पोंछा था, तिवारीजी. अपने गमछे से."

"हाँ," ते म्हणाले. "मैंने ही पोंछा था." आणि खाली उतरून घरी निघून गेले. त्या दिवसापासून ते त्या गाडीजवळ येत नाहीत.

त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला. टाकी भरून बघितली, रिकामी ठेवून बघितली. पाणी पुन्हा आलं नाही. दमट हवा, जमिनीतला गारवा, माझ्या डोक्यावरचा ताण, लोकांनी सुचवलेलं सगळं मी तपासून बघितलं. एकही कारण सगळ्या गोष्टींना लागू पडत नाही. या सदराच्या वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवावं. मला मात्र आता कारणाची तेवढी घाई राहिलेली नाही.

एक सांगायचं राहिलं. तेराव्यानंतर इंदूरला परत जायच्या दिवशी नेहा बॅग भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मम्मीने फोन पे बताया था मला. तुम्ही शक केला होता ना तिच्यावर, पानीवाला. खूप रोई थी." तिने एक कपडा घडी करून बॅगेत ठेवला. "पण नंतर सांगितलं ना तुम्ही तिला? की ती नव्हती म्हणून?"

"हो," मी म्हणालो. "सांगितलं."

"चलो. मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि बॅगेची चेन लावली. तिचा चेहरा एकदम हलका झालेला मला दिसला.

म्हणून हे इथे, मराठीत लिहिलं. नेहाला मराठी बोललेलं कळतं, पण वाचायला घेतलं तर ती दोन ओळींच्या पुढे जात नाही, कंटाळते. माझ्याशिवाय आमच्या घरात मराठी वाचणारी एकटी अर्चनाच होती.