देगलूरजवळच्या गावात वैशालीचा पहिला खेळ

"लांबून कौतुक करतेस, एकदा माझ्या फिल्मच्या खेळाला ये," असं वैशाली दरवेळी म्हणायची. यंदा दिवाळीच्या सुट्टीत निघालेच.

वैशाली माझी लातूरच्या कॉलेजातली मैत्रीण. पेपरातली नोकरी सोडून नांदेडला एकटीच माहितीपट काढते. लग्नांचं शूटिंग करून पोट भरायचं आणि उरलेल्या दिवसांत स्वतःचं काम. बालविवाहावरची ही फिल्म पुरी व्हायला तीन वर्षं लागली. तिचा नियम एकच: ज्यांच्यावर फिल्म, त्यांना ती इतर खेळांच्या आधी दाखवायची.

लातूरहून सकाळची एसटी धरली तर अहमदपूर, लोहा करत दुपारपर्यंत नांदेड. बायकांना अर्धं तिकीट. वैशाली प्रोजेक्टरची पेटी घेऊन स्टँडवरच उभी होती. देगलूरच्या वाटेवर नायगावला चहा घेतला आणि गरम भजी खाल्ली, ती चुकवू नका. देगलूरला लॉज साधा पण स्वच्छ आहे, फक्त आधी फोन करून ठेवा. बाजारात भाव मराठीत विचारला तर उत्तर कधी तेलुगूत येतं, कधी दखनी उर्दूत.

दुसऱ्या दिवशी टमटमने गावात गेलो. संध्याकाळी समाजमंदिरात पांढरी चादर बांधली, पन्नासेक बाया जमल्या. फिल्ममध्ये गंगाबाई होत्या. चौदाव्या वर्षी लग्न झालेल्या, आता घरोघर जाऊन तशी लग्नं थांबवणाऱ्या. एका जागी त्या रडत म्हणतात, "माझ्या मायनंच मला ढकललं." परदेशातल्या एका चित्रपट महोत्सवाने हेच दृश्य पाहून फिल्म निवडली होती.

खेळ संपल्यावर गंगाबाई वैशालीजवळ आल्या. "अक्का, लई चांगलं केलंत. पण मायचं तेवढं काढा."

"पण तुम्हीच बोललात ना?" मी मध्येच बोलले.

"बोलले की. तवा राग व्हता. आता माय माझ्याच घरी हाय, तिला डोळ्यांनी दिसत न्हाई. लोक येता-जाता ऐकवून राहिले तर ती कुठं जाईल?"

"काढते," वैशाली म्हणाली.

सकाळी तिने गंगाबाईंना शेजारी बसवून लॅपटॉपवर ते दृश्य फिल्ममधून काढून टाकलं. त्यांनी पुन्हा सगळं पाहिलं, मान हलवली आणि आम्हाला ज्वारीची भाकरी अन् ठेचा बांधून दिला.

देगलूरच्या स्टँडवर मला राहवलं नाही. "अगं, फिल्मचा जीव होता तो."

"असेल. पण मायलेकींना त्याच गावात राहायचंय. मी आज निघाले." तिचे डोळे भरले होते. ती नांदेडच्या गाडीत बसली, मी उदगीरमार्गे लातूरला आले. हा रस्ता जवळचा आहे, पण मधला तुकडा खराब.

पुढे ते दृश्य नाही म्हणून महोत्सवाने फिल्म परत केली. वैशालीने ती गावागावांत नेली. नायगावच्या खेळाला गंगाबाई स्वतः गेल्या आणि फिल्म संपल्यावर उभ्या राहून बोलल्या. आईचं नाव त्यांनी घेतलं नाही. खेळानंतर एका बाईने लेकीचं ठरलेलं लग्न मोडल्याचं वैशालीने फोनवर सांगितलं.

मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरच्या गोष्टी मी स्टाफरूममध्ये किती सहज सांगायचे, कळवळ्याने आणि रंगवून. त्यांना कधी विचारलं नव्हतं. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी सहकारी बाईंनी विचारलं, "तुम्ही सांगत होतात त्या आठवीतल्या पोरीचं काय झालं हो?"

"तिलाच विचारा," मी म्हणाले, आणि वह्या तपासायला घेतल्या.